बखर आणि रोजकीर्द : संगणकातल्या पहिल्या प्रक्रियेचा इतिहास

१/
२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसई) व्यवहार थांबवले. देशातला सर्वांत मोठा शेअर बाजार पुढचे चार तास बंद राहिला. आग लागली नव्हती, पूर आला नव्हता, संपही नव्हता. सौदे जुळवणारी यंत्रणा तर चालूच होती. तरीही बाजार उघडा ठेवता येईना. हे कसे घडले, आणि लिनक्सच्या पोटात चालणाऱ्या एका प्रोग्रॅमच्या दुरुस्त्यांचा इतिहास ते समजून घ्यायला कसा उपयोगी पडतो, त्याविषयी हा धागा.

२/
बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणाचा सारांश असा. मुख्य केंद्रातली प्रत्येक नोंद मुंबईतल्याच दुसऱ्या जवळच्या केंद्रात त्याच क्षणी लिहिली जात असे. दोन्ही केंद्रांना जोडणारे दुवे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांचे होते. त्या दिवशी दोन्हींचे दुवे डळमळले. कारण, त्या मार्गावर चाललेले खोदकाम आणि बांधकाम. दुवे तुटले तरी मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवावे, अशी योजना होती. प्रत्यक्षात माहिती साठवणारी यंत्रणाच सर्व्हरांना मिळेनाशी झाली. जोखीम मोजणारी प्रणाली त्यावर अवलंबून होती, ती बंद पडली. जोखीम मोजता येत नसेल तर सौदे होऊ देणे धोक्याचे, म्हणून बाजार थांबला.

३/
घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या गल्ल्यांतून सब-ब्रोकरांची लहान लहान कार्यालये आहेत. तिथे बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने प्रश्न साधा होता : सकाळी घेतलेला माल आज विकता येईल की नाही? नेहमीची बंद होण्याची वेळ साडेतीनची. ती जवळ आल्यावर काही दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरतेचे सौदे स्वतःच मिटवून टाकले. त्यानंतर बातमी आली की बाजार ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा उघडून पाचपर्यंत चालेल. ज्यांचे सौदे मिटवले गेले होते त्यांतल्या अनेकांच्या पदरी तोटा आला.

४/
हा दोष पुढे ज्याची हकिकत येते त्या प्रोग्रॅमचा नव्हता. पण त्या दिवसाने जे तीन प्रश्न उभे केले, नेमक्या त्याच प्रश्नांवर तो प्रोग्रॅम उभा आहे. एखादी सेवा 'चालू आहे' म्हणजे काय? ती कोणाकोणावर अवलंबून आहे? आणि ज्यावर ती अवलंबून आहे ते कोसळले, तर तिने थांबावे की तसेच पुढे जावे? लिनक्स संगणकात या प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम पहिल्या प्रक्रियेकडे असते.

५/
संगणक सुरू झाला की आधी कर्नल जागा होतो. कर्नल स्वतः एकच प्रक्रिया उभी करतो. तिचा क्रमांक १. बाकी सगळ्या प्रक्रिया तिच्या लेकी-नाती. आईबाप प्रक्रिया मरून पोरक्या झालेल्या प्रक्रियांचा सांभाळही बहुधा तिच्याकडेच येतो. ही पहिली प्रक्रिया संपली तर कर्नल हात टेकतो आणि सारा संगणक थांबतो. युनिक्सच्या काळापासून तिचे रूढ नाव 'इनिट'.

६/
मुंबईच्या उपनगरांचा या घराण्याशी संबंध जुना आहे. १९८६ साली केंद्राचे इलेक्ट्रॉनिक्स खाते आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने 'अर्नेट' प्रकल्प सुरू झाला. जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-टपालाची देवाणघेवाण होऊ लागली, ती याच सुमारास. त्या काळच्या युनिक्स यंत्रांत, तारेवर येणाऱ्या कॉलची वाट पाहणारा एक लहानसा प्रोग्रॅम असे. एक कॉल संपला की तोही संपे, आणि इनिट त्याला पुन्हा उभा करी. पडलेल्याला उठवणे हे या पहिल्या प्रक्रियेचे मूळ व्रत.

७/
१९८३ च्या 'सिस्टिम पाच' युनिक्सने रूढ केलेली इनिटची पद्धत पुढे बहुतेक लिनक्सांनी उचलली. प्रत्येक सेवेसाठी एक लहान स्क्रिप्ट, स्क्रिप्टांना क्रमांक, क्रमांकाप्रमाणे एकीमागून एक त्या चालवायच्या. विरारची धीमी लोकल जशी एकही स्थानक गाळत नाही, तसा हा प्रवास. मधले एखादे स्थानक अडले की मागचे सगळे खोळंबले. शिवाय या पद्धतीत दुसरी उणीव होती. स्क्रिप्टने सेवा सुरू केली की इनिटचे तिकडे लक्ष नसे. सेवा दहा मिनिटांनी मेली, तर ते पाहायला माणूसच लागे. त्या माणसाचा फोन रात्री वाजे.

८/
२००५ मध्ये ॲपलने आपल्या प्रणालीसाठी 'लाँचडी' आणले. २००६ मध्ये उबुंटूत 'अपस्टार्ट' आले. ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंग यांनी नव्या पहिल्या प्रक्रियेचा आराखडा जाहीर केला. सोबतीला काय सीव्हर्स होते. तिचे नाव 'सिस्टिम-डी'. मे २०११ मध्ये फेडोरा १५ ने, जून २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने आणि एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ ने ती स्वीकारली. पाच वर्षांत लिनक्सचा दिवाणखाना बदलला.

९/
तिच्यातल्या एका युक्तीसाठी मुंबईकराला उदाहरण शोधावे लागत नाही. रेशनचे दुकान उघडण्याआधीच लोक आपापल्या पिशव्या रांगेत ठेवतात. दुकानदार आला की रांग तयारच असते; पिशवीमुळे कोणाचा नंबर जात नाही. सिस्टिम-डीही सेवा उठण्याआधी तिची खिडकी मांडून ठेवते. दुसऱ्या सेवांनी पाठवलेले निरोप त्या खिडकीशी थांबून राहतात. त्यामुळे सगळ्या सेवा एकाच वेळी उठू शकतात आणि एकीने दुसरीसाठी ताटकळत बसण्याचे प्रसंग कमी होतात.

१०/
दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : अवलंबित्व स्पष्ट शब्दांत लिहायला लावणे. प्रत्येक सेवेच्या कागदावर लिहायचे की तिला कोण 'आवश्यक' आहे आणि कोण असले तर 'बरे'. पहिल्या प्रकारातली सेवा उठली नाही, तर हिनेही उठू नये, असे सांगता येते. दुसऱ्या प्रकारात ती उठली नाही, तरी हिचे चालते. शिवाय कोणामागून कोण, हा क्रम वेगळा लिहावा लागतो. गरज आणि क्रम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या बुधवारकडे या भाषेत पाहिले तर चित्र स्वच्छ दिसते. योजनेच्या कागदावर जवळचे केंद्र 'असले तर बरे' होते. दुवे तुटल्यावर ते 'आवश्यक' असल्यासारखे वागले.

११/
बदल शांतपणे झाला नाही. पहिल्या प्रक्रियेने थोडेच काम करावे, ते नीट करावे, असे जुन्या युनिक्स परंपरेचे म्हणणे. सिस्टिम-डीच्या छत्राखाली मात्र नोंदवही, लॉगिन, वेळ जुळवणे अशी कामे एकामागून एक येत गेली. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निवाडा झाला. नाराजांनी त्याच वर्षी 'देवुआन' ही वेगळी चूल मांडली. या भांडणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ही झाली बखर.

१२/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि रोजकीर्द यांतला भेद सांगावा लागत नाही. बखर घटनेनंतर लिहिली जाते. तिच्यात वीर असतात, खलपुरुष असतात, ओघ असतो. रोजकीर्द त्याच दिवशी लिहिली जाते. तिच्यात किती आले, किती गेले, कोणाला काय दिले एवढेच. रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात निघाले, तेव्हा राज्य चालते कसे याचे चित्र पत्रांतून, हिशेबांतून, तक्रारींतून उभे राहिले. सिस्टिम-डीचीही अशी एक कीर्द आहे. प्रत्येक आवृत्तीसोबत येणारी बदलांची यादी. तिच्यातल्या ओळी रुक्ष असतात. पण अनेक ओळींच्या मागे कोणाची तरी वाईट गेलेली रात्र असते. त्यांतल्या काही ओळी पुढे.

१३/
मे २०१६, आवृत्ती २३०. माणूस लॉगआउट झाला की त्याच्या मागे राहिलेल्या सगळ्या प्रक्रिया संपवाव्यात, अशी नवी मूळ मांडणी आली. हेतू स्वच्छतेचा होता. पण रात्रभर चालणारी आकडेमोड सुरू करून, 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स'मध्ये ठेवून घरी जाणे ही विद्यापीठांतली आणि कार्यालयांतली जुनी रीत. सकाळी येऊन पाहावे तर पटलावर काहीच नाही, असे होऊ लागताच ओरड झाली. अनेक वितरणांनी ती मांडणी आपल्याकडे बंद ठेवली. शिस्त लावणाऱ्याला कचरा वाटते ते दुसऱ्याचे रात्रीचे काम असू शकते, हा या नोंदीचा अर्थ.

१४/
सप्टेंबर २०१६. एका ओळीची आज्ञा प्रसिद्ध झाली. कोणत्याही साध्या वापरकर्त्याने सिस्टिम-डीला रिकामा निरोप पाठवला, की पहिली प्रक्रिया गोठून जाई. निरोप रिकामा कधीच नसतो, असे प्रोग्रॅमने गृहीत धरले होते. गृहीतक खोटे निघताच तो स्वतःला थांबवून घेई. संगणक वरवर चालू दिसे. पण नवी सेवा सुरू होईना, बंद होईना, नीट रीबूटही करता येईना. दुरुस्ती लहान होती आणि लवकर आली. मात्र सगळ्यांचा सांभाळ करणाऱ्याने किती कमी गोष्टी गृहीत धराव्यात, याची चर्चा दीर्घ काळ चालली.

१५/
२०१७. एका सेवेच्या कागदावर लिहिले होते की ही सेवा '०डे' नावाच्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालवावी. सिस्टिम-डीच्या नियमात अंकाने सुरू होणारे नाव बसत नव्हते. तिने ती ओळ चुकीची ठरवली, एक सूचना नोंदली आणि ओळ वगळून सेवा सुरू केली. अधिकाराची ओळ नसेल तर सेवा सर्वाधिकारी 'रूट'च्या नावे चालते. म्हणजे ज्या ओळीने अधिकार कमी करायचे, तीच वगळल्याने ते पूर्ण मिळाले. असा कागद लिहायलाच मुळात रूटचे अधिकार लागतात, तेव्हा हा दोष नव्हे, अशी विकासकांची पहिली भूमिका होती. ती टिकली नाही. पुढे नियम बदलला : वापरकर्त्याचे नाव अमान्य असेल तर सेवा सुरूच होणार नाही.

१६/
या नोंदीतला धडा संगणकापुरता नाही. समजले नाही तेव्हा काय करावे? अर्धवट समजलेला हुकूम सोयीच्या बाजूने वाचून पुढे जाणारा कारभारी वरून कार्यक्षम दिसतो. थांबून विचारणारा अडेलतट्टू वाटतो. जिथे इतरांची सुरक्षितता पणाला लागलेली असते, तिथे दुसराच हवा. शेअर बाजाराने त्या दिवशी जोखीम मोजता येत नसताना सौदे चालू ठेवले नाहीत, हा निर्णय त्या अर्थाने योग्य होता. उणीव राहिली ती पुढच्या पायरीत : थांबल्यावर किती वेळात काय करायचे आणि लोकांना कधी सांगायचे.

१७/
आता सुधारणांच्या ओळी. पडलेल्या सेवेला उठवायचे खरे, पण किती वेळा? मूळ मांडणीत दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की सिस्टिम-डी नाद सोडते. जी सेवा दुसऱ्या कोणाच्या अडचणीमुळे पडते आहे, तिला सारखे उठवल्याने गर्दी तेवढी वाढते. जुलै २०२३ च्या आवृत्ती २५४ मध्ये नवी सोय आली : दर प्रयत्नागणिक थांबण्याचा काळ वाढवत न्यावा. आजारी माणसाला दर मिनिटाला उठवून 'बरे वाटते का' असे न विचारण्याचे शहाणपण यंत्राला शिकवायला एवढी वर्षे लागली.

१८/
दुसरी सोय पहारेकऱ्याची. सेवा मेलेली नाही, पण अडकून बसली आहे, असे पुष्कळदा होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती चालू दिसते. म्हणून सेवेने ठरावीक काळाने 'मी जागी आहे' असा निरोप पाठवायचा. तो चुकला तर तिला संपवून नव्याने उभे करायचे. रात्रीच्या गुरख्याने काठी आपटत फिरावे तसेच हे. काठीचा आवाज थांबला, की गुरखा झोपला असे समजावे.

१९/
या निरोपांच्याच वाटेने २०२४ चे मोठे संकट आले. आपण तयार आहोत हे 'एसएसएच' सेवेने सिस्टिम-डीला कळवावे, म्हणून डेबियन, फेडोरा आदींनी तिला सिस्टिम-डीचे एक ग्रंथालय जोडले होते. त्या ग्रंथालयाला माहिती दाबून साठवण्यासाठी 'एक्सझेड'चे ग्रंथालय लागे. एक्सझेड सांभाळणारा स्वयंसेवक थकलेला होता. सुमारे दोन वर्षे मदत करून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावाने त्यात चोरदरवाजा घातला. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघड केला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून त्यांनी शोध घेतला होता. दूषित आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोहोचली होती.

२०/
इथेही मूळ गोष्ट तीच : न दिसणारे अवलंबित्व. एक ओळीचा निरोप धाडायला एवढे सामान घरात घेतले गेले होते. अशी ग्रंथालये गरज पडेल तेव्हाच उघडावीत, हा बदल सिस्टिम-डीच्या विकासकांनी प्रकरण उघड होण्याआधीच हाती घेतला होता. तो जून २०२४ च्या आवृत्ती २५६ मध्ये आला. ओपन-एसएसएचनेही तो निरोप पाठवण्याचा लहानसा कोड स्वतःच लिहून घेतला.

२१/
आणि त्याच आवृत्ती २५६ मध्ये नवा घोटाळा निघाला. तात्पुरत्या फायली सांभाळणाऱ्या साधनाला 'सगळे साफ कर' अशी नवी आज्ञा मिळाली होती. त्या साधनाच्या यादीत वापरकर्त्यांच्या घरांचे स्थान, म्हणजे 'होम', हेही होते. कारण ते नसल्यास निर्माण करणे हेदेखील त्याचेच काम. नाव तात्पुरत्या फायलींचे, म्हणून विश्वासाने आज्ञा देणाऱ्याचे घरच पुसले गेले. काही दिवसांत २५६.१ आली : काय साफ करायचे ते आता नाव घेऊन सांगावे लागते. दुरुस्ती करणारेही चुकतात. म्हणून कीर्द कधी पूर्ण होत नाही.

२२/
वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रकरणाचीही अशीच कीर्द पुढे लिहिली गेली. २२ मार्च २०२१ रोजी सेबीने नियम कडक केले : महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करावी, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू व्हावे. २ मार्च २०२४, शनिवार. सुटीच्या दिवशी बाजार मुद्दाम उघडला गेला. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून आणि साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून खरे सौदे झाले. पर्यायी केंद्र कागदावर असणे आणि ते प्रत्यक्ष उठून उभे राहणे यांतले अंतर त्या दोन सत्रांत मोजले गेले.

२३/
त्या शनिवारची बातमी दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. ते स्वाभाविक आहे. काहीच बिघडले नाही याची बातमी होत नाही. अंधेरी, पवई, ऐरोलीच्या दालनांत सर्व्हर सांभाळणारी माणसे बहुधा रात्री अद्यतने चढवतात, एखादी सेवा उठली नाही तर मागची आवृत्ती परत आणतात आणि पहाटेच्या पहिल्या लोकलने घरी जातात. त्यांच्या कामाचे यश म्हणजे त्यांचे नाव कोणाला न कळणे. इतिहासलेखनात हा वर्ग फार क्वचित येतो. पाणीपुरवठ्याच्या झडपा फिरवणारे, रुळांचे नट आवळणारे, किल्ल्याची तटबंदी दर पावसाळ्यानंतर लिंपणारे हे याच वर्गातले.

२४/
किल्ला कोणी बांधला ते शिलालेखावर असते. पडझड कोणी दुरुस्त केली ते दप्तरात शोधावे लागते : इतका चुना, इतके गवंडी, इतकी मजुरी. सिस्टिम-डीवर पुढे कोणी बखर लिहील, तेव्हा पोटरिंग, डेबियनचे मत आणि देवुआनची चूल या गोष्टी तिच्यात येतीलच. पण ती प्रणाली उभी राहिली कशी हे कळायला रिकाम्या निरोपाची, अंकाने सुरू होणाऱ्या नावाची, अर्ध्या सेकंदाची नोंद वाचावी लागेल. कीर्द सर्वांसाठी खुली आहे, आणि पुढच्या आवृत्तीच्या ओळी तिच्यात आजही लिहिल्या जात आहेत.

(धागा समाप्त)